काचेच्या टाकीतला उजेड : किती, कोणता आणि किती वेळ?

घरात काचेच्या टाकीत मासे पाळणे हा बंगलेवाल्यांचा छंद, अशी आपली एके काळी समजूत होती. आता तसे राहिलेले नाही. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीतही टीव्हीच्या शेजारी एखादी छोटी टाकी दिसते. मुले शाळेतून आली की आधी माशांकडे धावतात, मग दप्तर टाकतात. पूर्वी या टाक्यांत प्लॅस्टिकची झाडे असत. हल्ली मुलांना खरी झाडे हवी असतात. हट्ट चांगलाच आहे. पण खऱ्या झाडाला उजेड लागतो, आणि नेमके तिथेच बहुतेक घरांत घोडे अडते.

आमच्याही घरी ते अडले. त्यात आमचे पैसे गेले, सहा झाडे गेली, चार मासे गेले, आणि एका संध्याकाळी तर याहून मोठे काहीतरी जाता जाता राहिले. ते सगळे झाल्यावर आम्ही जे शिकलो ते आज आपल्यापुढे ठेवत आहोत. आपल्या मुलाने असाच हट्ट धरला तर आमच्या चुका आपल्याला कराव्या लागू नयेत, एवढाच उद्देश.

जुनी टाकी, नवी हौस

आमचा धाकटा सातवीत गेला तेव्हाची गोष्ट. चाळीतले एक बिऱ्हाड खोली सोडून गावी चालले होते. त्यांनी अठरा इंची टाकी आम्हाला दोनशे रुपयांत दिली. रविवारी बाजारात जाऊन आम्ही वाळू, सहा झाडे आणि दहा गप्पी मासे आणले. दुकानदाराने विचारले, "झाडांसाठी लाईट नको का?" आणि निळ्या-गुलाबी उजेडाची एक पट्टी बांधून दिली. पट्टीच्या खोक्यावर झाडाचे सुंदर चित्र होते. आकडा मात्र एकही नव्हता. तो शोधायला हवा हेच तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हते.

पहिले आठ दिवस घरात नुसता आनंद. शेजारच्या मावशी येऊन टाकी बघून गेल्या. त्यांनी सल्ला दिला, टाकी ईशान्येला ठेवा, पैसा येतो. आमच्या खोलीची ईशान्य म्हणजे मोरी. तेव्हा तो प्रश्न आपोआप मिटला.

तिसऱ्या आठवड्यात पाने पिवळी पडून गळायला लागली. गळलेली पाने तळाशी कुजली, पाण्याला वास यायला लागला. सकाळी उठून पाहावे तर मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडझाप करीत आहेत. चार दिवसांत दोन मासे मेले. धाकटा काही बोलेना. त्याने वहीत प्रत्येक माशाला नाव दिले होते. ती दोन नावे त्याने पेन्सिलने खोडली आणि वही मिटून ठेवली.

आम्ही दोघांनी विचार केला, उजेड कमी पडला असणार. हे निदान बरोबर होते. उपाय मात्र भलताच केला. कामावरून मिळालेला एक तीस वॅटचा जुना फ्लड लाईट घरात पडून होता. तो टाकीवर बांधला आणि सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत चालू ठेवला. झाडांना भरपूर खाऊ मिळू दे, असा आमचा हिशेब. दहा-बारा दिवसांत पाणी वाटाण्याच्या उसळीच्या रश्शासारखे हिरवे झाले. काचेवर शेवाळ, दगडांवर शेवाळ, उरल्यासुरल्या पानांवरही शेवाळ. आणखी दोन मासे गेले. आमच्यापैकी एकाची रात्रपाळी असल्यामुळे दिवसा झोपायचे, तर डोळ्यांवर तो झगझगाट. थोरली दहावीत. तिची चिडचिड वेगळीच. महिनाअखेरीस विजेचे बिल आले तेव्हा घरात ठरले की टाकी देऊन टाकायची.

त्याच संध्याकाळी धाकटा शेवटची साफसफाई करायला गेला. ओल्या हाताने त्याने लाईट बाजूला सरकवला, आणि किंचाळून मागे पडला. विजेचा झटका बसला होता. मेन स्विच बंद केला तेव्हा आम्हा दोघांचेही हात थरथरत होते. पोरगा सुखरूप होता. हाताला मुंग्या आल्या, बाकी काही झाले नाही. पण ती रात्र आम्ही विसरणार नाही.

वायरमन काकांनी काय दाखवले

दुसऱ्या दिवशी चाळीतल्या वायरमन काकांना बोलावले. त्यांनी लाईट उतरवला, उलटा करून दाखवला आणि म्हणाले, "वहिनी, हा लाईट लोखंडी बॉडीचा. याला अर्थिंगची तार लागते. तुम्ही दोन पिनांचा प्लग लावलात. वायरचा जोड नुसता चिकटपट्टीने गुंडाळलात. टाकीतली वाफ तिथे गेली आणि बॉडीत करंट उतरला. दोष लाईटचा नाही, जोडणीचा आहे."

जोडणी आमचीच होती. ऐकून घेण्यावाचून गत्यंतर नव्हते.

मग काका धाकट्याजवळ बसले. त्यांनी विचारले, "टाकी ठेवायची की द्यायची?"

धाकटा म्हणाला, "काका, माझ्यामुळं मासे मेले. आता नको."

काका म्हणाले, "तुझ्यामुळं नाही मेले. हिशेब न करता लाईट लावला म्हणून मेले. आधी हिशेब शीक, मग ठरव."

म्हणून त्या रविवारी आम्ही चौघे आणि काका असे हिशेबाला बसलो. थोरलीने आपली विज्ञानाची पुस्तके काढली. पुढचे सारे त्या दिवसापासून आजवर वाचून, विचारून आणि करून पाहून गोळा केलेले आहे.

पाण्यातले झाड उजेडाचे करते काय?

शाळेत आपण सर्वांनी हायड्रिलाचा प्रयोग पाहिला असेल. पाण्यात हायड्रिलाच्या फांद्या ठेवायच्या, वर नरसाळे आणि परीक्षानळी उलटी घालायची, आणि भांडे उन्हात ठेवायचे. थोड्या वेळाने फांद्यांतून बुडबुडे निघून नळीत वायू जमतो. तो प्राणवायू. याचे मूळ फार जुने आहे. यान इंगेनहाऊझ या डच वैद्याने १७७९ साली दाखवून दिले की पाण्यात बुडवलेली हिरवी पाने उजेडात बुडबुडे सोडतात आणि अंधारात सोडायची थांबतात. अंधारात झाडे उलट हवा बिघडवतात, हेही त्याने नोंदवले.

आमच्या माशांचे कोडे इथेच उलगडले. उजेड असेपर्यंत झाड पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड घेते, आपले अन्न तयार करते आणि प्राणवायू सोडते. उजेड गेला की माशांसारखेच तेही प्राणवायू वापरते. कुजणारी पानेही प्राणवायू खातात. म्हणून आजारी टाकीत पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो आणि मासे वर येऊन तोंडे उघडतात. पहिल्या पट्टीचा उजेड इतका क्षीण होता की झाडे दिवसाही उपाशी राहिली, मेली, कुजली, आणि त्यांच्या मागोमाग मासे गेले.

लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने १८५० साली आपल्या काचेच्या टाकीची हकिगत प्रसिद्ध केली. टाकीत दोन सोनमासे आणि व्हॅलिसनेरिया हे लांब पातीचे पाणझाड होते. सुरुवातीला त्याचीही पाने कुजली आणि पाणी गढूळ, हिरवे झाले. मग त्याने तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने आणि शेवाळ खाल्ले आणि टाकी सुधारली. हे वाचून दाखवले तेव्हा धाकट्याने मान वर केली. एवढ्या मोठ्या माणसाचीही पाने कुजली होती तर!

पहिला हिशेब : टाकीत पाणी किती?

उजेड निवडायचा तर आधी टाकीत पाणी किती मावते ते कळले पाहिजे. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि हजाराने भागा. आमची टाकी ४५ गुणिले २५ गुणिले ३०, म्हणजे ३३,७५० घनसेंटिमीटर. हजाराने भागल्यावर पावणेचौतीस लिटर. त्यातून वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की प्रत्यक्ष पाणी साधारण २८ लिटर. हा आकडा आम्ही टाकीच्या मागच्या बाजूला चिठ्ठी चिकटवून लिहून ठेवला आहे.

दुसरा हिशेब : वॅट नव्हे, ल्यूमेन

पिवळ्या बल्बच्या काळापासून आपल्याला वॅट पाहायची सवय आहे. पण वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो त्याचे माप. उजेड किती देतो त्याचे माप ल्यूमेन. आज मिळणाऱ्या चांगल्या एलईडी दिव्याच्या खोक्यावर दोन्ही आकडे छापलेले असतात. ९ वॅटचा एलईडी बल्ब साधारण ८०० ते ९०० ल्यूमेन उजेड देतो.

छोट्या टाकीसाठी अनुभवी लोक एक ढोबळ माप वापरतात. लिटरमागे १० ते २० ल्यूमेन हा कमी उजेड, २० ते ४० मध्यम, आणि ४० च्या पुढे भारी उजेड. हे काही तराजूचे माप नव्हे, पण दुकानात उभे असताना उपयोगी पडते.

आता आमचा फ्लड लाईट या मापाने पाहा. तीस वॅटचा दिवा म्हणजे सुमारे २,८०० ल्यूमेन. पाणी २८ लिटर. लिटरमागे शंभर ल्यूमेन, आणि तेही रोज पंधरा तास. साध्या झाडांना लागतो त्याच्या पाचपट उजेड आम्ही ओतत होतो.

इथे कोणी विचारील, जास्त उजेड मिळाला तर झाड जास्त वाढणार नाही का? नाही. उजेड ही चुलीतली आच समजा. आच कितीही वाढवली तरी पीठ असेल तेवढ्याच भाकरी होणार. पाण्यात कार्बन डायऑक्साइड मुळात थोडा. भारी उजेडात झाडाला तोही जास्त लागतो आणि खतही. मोठ्या हौशी टाक्यांत त्यासाठी सिलिंडर लावून वायू सोडतात. आपल्याकडे ते नाही. मग झाड वापरू शकत नाही तो उजेड शेवाळ वापरते. शेवाळाला थोडक्यात भागवता येते आणि ते झपाट्याने वाढते. कुजकी पाने आणि माशांना घातलेले जादा खाणे यांतून त्याला खतही फुकट मिळते.

तिसरा हिशेब : उजेडाचा रंग

टी. डब्ल्यू. एंगेलमान या जर्मन शास्त्रज्ञाने १८८२ साली एक गमतीचा प्रयोग केला. त्याने शेवाळाच्या एका धाग्यावर इंद्रधनुष्याचे रंग पाडले आणि पाण्यात प्राणवायूकडे धावणारे सूक्ष्मजीव सोडले. ते जीव तांबड्या आणि निळ्या रंगांपाशी जास्त जमले. म्हणजे तिथे अन्ननिर्मिती जोरात चालली होती. नुसत्या निळ्या-गुलाबी पट्ट्या विकणारे याच शोधाचा आधार देतात. पण झाडे इतर रंगांचाही उपयोग करतात. आणि रंग योग्य असला तरी उजेडच पुरेसा नसेल तर काय कामाचा? शिवाय त्या गुलाबी उजेडात झाड आजारी आहे की निरोगी, हेही ओळखू येत नाही. आमची पाने पिवळी पडल्याचे त्यामुळेच उशिरा कळले.

साध्या घरगुती टाकीला पांढरा दिवा पुरतो. दिव्याच्या खोक्यावर केल्विनचा आकडा पाहा. ६,५०० केल्विन म्हणजे दुकानदार ज्याला कूल डे लाईट म्हणतात तो. दुपारच्या उजेडाच्या जवळचा हा रंग झाडांना चालतो आणि पाणीही स्वच्छ दिसते. ४,००० केल्विनच्या आसपासचा दिवाही चालतो. २,७०० केल्विनच्या पिवळसर दिव्यातही झाड मरत नाही, पण टाकी मळकट दिसते. गडद निळे दिवे प्रामुख्याने खाऱ्या पाण्यातल्या प्रवाळांसाठी असतात. आपल्या गोड्या पाण्यातल्या झाडांसाठी त्यांवर पैसे घालवू नका.

पांढऱ्या एलईडीची एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. बहुतेक पांढऱ्या एलईडीच्या पोटात निळा दिवाच असतो. त्यावरच्या पिवळ्या लेपामुळे उजेड पांढरा दिसतो. हा निळा दिवा बनवणे फार कठीण गेले होते. ते साधणाऱ्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघा शास्त्रज्ञांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

चौथा हिशेब : बिल

वॅट गुणिले तास, भागिले हजार, म्हणजे युनिट. दिवा रोज आठ तास आणि महिना तीस दिवस धरू.

साठ वॅटचा पिवळा बल्ब : महिना १४.४ युनिट.
चाळीस वॅटची जुनी ट्यूब, चोकसह सुमारे पन्नास वॅट : महिना १२ युनिट.
नऊ वॅटचा एलईडी : महिना सव्वादोन युनिटांच्या आत.

आमचा फ्लड लाईट पंधरा तासांप्रमाणे महिन्याला साडेतेरा युनिट खात होता. आता नऊ वॅटचा एलईडी सहा तास लावतो. महिन्याचे १.६२ युनिट होतात. आपल्या बिलावरच्या दराने गुणून पाहा, म्हणजे फरक रुपयांत कळेल. पिवळा बल्ब आणखी एका कारणाने नको. तो विजेची बरीचशी उष्णताच करतो. मे महिन्यात आधीच कोमट झालेले पाणी त्याने आणखी तापते, आणि कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो. जुन्या ट्यूबमध्ये पारा असतो. ती टाकीवर फुटली तर मुलांना जवळ जाऊ देऊ नका.

आम्ही काय लावले?

महागडा खास दिवा आम्ही घेतला नाही. साध्या दुकानातला ९ वॅटचा, ६,५०० केल्विनचा एलईडी बल्ब, प्लॅस्टिकचा होल्डर आणि वर पांढरी शेड, एवढेच घेतले. दिवा पाण्यापासून सहा इंच वर टांगला. त्याच्या ९०० ल्यूमेनपैकी काही उजेड बाजूला सांडतो, काही वरच्या काचेत अडतो. निम्मा जरी पाण्यात पोचला असे धरले तरी लिटरमागे सोळा ल्यूमेन होतात. कमी उजेडाच्या झाडांना एवढे पुरे. जास्त वाटला तर दिवा वर घ्यायचा, कमी वाटला तर खाली आणायचा. लांब टाकी असेल तर बल्बऐवजी एलईडीची लांब पट्टी बरी, म्हणजे कोपरे अंधारात राहत नाहीत.

टाकीवरची काच दर आठवड्याला पुसा. बोअरिंगच्या किंवा टँकरच्या जड पाण्याचे पांढरे डाग काचेवर बसतात आणि उजेड अडवतात. आम्ही महिनाभर पुसली नाही, तर काच दुधाळ झाली होती.

उजेडाला शोभतील अशी झाडे

दिव्याला झाड शोधायचे, की झाडाला दिवा? आपल्यासारख्यांनी साध्या दिव्याला पेलतील अशीच झाडे घ्यावीत. जावा फर्न, अनुबियास, जावा मॉस आणि क्रिप्टोकोराइन ही कमी उजेडात तग धरतात. जावा फर्न आणि अनुबियासचे जाड आडवे खोड वाळूत पुरू नका. ते कुजते. दोऱ्याने दगडाला बांधा. क्रिप्टोकोराइनच्या काही जाती आपल्या पश्चिम घाटातल्या ओढ्यांत मूळच्याच आहेत. हे झाड नव्या टाकीत लावल्यावर बरेचदा पाने टाकते. घाबरून उपटू नका, मुळे जिवंत असतील तर नवी पाने फुटतात. हायड्रिला आणि व्हॅलिसनेरियाला थोडा जास्त उजेड लागतो, पण तीही सोशिक आहेत. लाल पानांची झाडे दुकानात फार देखणी दिसतात. त्यांना भारी उजेड लागतो. ती सध्या राहू द्या.

एक फुकटचा उपायही आहे. मनी प्लांटची फांदी अशी लावा की मुळे पाण्यात आणि पाने बाहेर राहतील. ती पाण्यातली घाण खत म्हणून ओढून घेते आणि शेवाळाचा घास कमी करते. टाकी मोडायची झाली तर झाडे आणि मासे नाल्यात किंवा तलावात टाकू नका. बाहेरचे जीव तिथल्या जिवांच्या मुळावर उठतात.

दिवा किती वेळ आणि केव्हा?

नव्या टाकीला सुरुवातीला सहा तास पुरे. महिन्याभराने झाडे तरारली तर आठ तास करा. त्यापुढे जाऊ नका. रोज तीच वेळ ठेवा. विसरायची सवय असेल तर प्लगमध्ये बसणारा टायमर मिळतो. एखाद्या दिवशी वीज गेली तर चिंता नको. पावसाळ्यात ढगाळ दिवस असतातच, झाडाला त्याची सवय असते. टाकी खिडकीच्या उन्हात मात्र ठेवू नका. ऊन आपल्या हातात नसते. पाणी तापते आणि शेवाळ माजते.

रात्री दिवा नको. माशांना पापण्या नसतात, त्यांना डोळे मिटता येत नाहीत. त्यांना विश्रांतीसाठी अंधारच हवा.

आमच्या घरी वेळ ठरवताना थोडे भांडण झाले, मग तोड निघाली. दुपारी चारपर्यंत रात्रपाळीवाल्याची झोप, तेव्हा दिवा बंद. संध्याकाळी पाच ते रात्री अकरा चालू. याच वेळात मुले घरी असतात, सगळे जेवायला बसतात, टाकी सर्वांना दिसते. अकराला अंधार, मासेही निजले आणि माणसेही. थोरलीला मात्र अभ्यासासाठी वेगळा दिवा घेऊन दिला. टाकीच्या उजेडात अभ्यास करू द्यायचा नाही, हे वायरमन काकांनी बजावले होते.

शेवाळ आलेच तर औषधाची बाटली आणायची घाई करू नका. आधी दिव्याचे दोन तास कमी करा. माशांना दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत संपेल एवढेच खाणे घाला. आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. काचेवरचे शेवाळ जुन्या कार्डाने खरवडा. पाणी फारच हिरवे असेल तर तीन दिवस दिवा बंद ठेवून टाकी कापडाने झाका, पण हवेचा पंप चालू ठेवा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाचा आला ते कळत नाही.

जिवाची काळजी आधी

हा भाग कापून भिंतीला लावावा असा आहे.

टाकीत हात घालण्यापूर्वी प्लग काढा. नुसते बटण बंद करून भागत नाही.
लोखंडी बॉडीचा दिवा असेल तर तीन पिनांचा प्लग आणि अर्थिंग हवेच.
वायर प्लगकडे जाताना मध्ये झोळीसारखी लोंबू द्या. वायरवरून ओघळलेले पाणी तिथेच ठिबकेल, प्लगमध्ये जाणार नाही.
टाकी स्विचबोर्डाखाली ठेवू नका. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर टाकू नका.
दिवा आणि पाणी यांच्यामध्ये काचेचे झाकण असू द्या. दिवा भिंतीला किंवा पट्टीला पक्का बांधा.
मीटरजवळ तीस मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. करंट बाहेर गळाला की तो क्षणात वीज तोडतो.

आमच्या घरी तो आता बसवलेला आहे. टाकीवर केलेल्या सगळ्या खर्चात तो खर्च मोठा होता, आणि तोच आम्ही सर्वांत आधी करायला हवा होता.

वहीतले नवे पान

टाकी आम्ही दिली नाही. धाकट्यानेच तसे ठरवले. उरलेल्या सहा माशांची नावे त्याने नव्या पानावर लिहिली आणि समोर रकाने आखले : तारीख, दिव्याचे तास, पाणी बदलले का, नवी पाने किती. पहिले तीन आठवडे शेवटच्या रकान्यात शून्यच होते. चौथ्या आठवड्यात अनुबियासच्या मधोमध पोपटी रंगाची एक गुंडाळी दिसली. ती उलगडायला पाच दिवस लागले. रोज शाळेतून आला की तो टाकीसमोर उकिडवा बसे.

पुढे एके रात्री साडेदहाच्या सुमारास तो ओरडला, "आई, पप्पा, इकडं या!" आम्ही धावलो. मागच्या आठवणीने काळजात धस्स झाले होते. तो बोटाने दाखवत होता. कोपऱ्यातल्या हायड्रिलाच्या फांदीतून बारीक बुडबुड्यांची एक सरळ माळ वर चढत होती. थोरली म्हणाली, "हा तर आमच्या पुस्तकातला प्रयोग." अकरा वाजता दिवा बंद केला. बॅटरी लावून पाहिले, तर थोड्या वेळात माळ थांबली होती. धाकट्याने वहीत वेळ लिहिली आणि मग झोपायला गेला.

दुसऱ्या दिवशी वायरमन काका ती नोंद पाहायला आले. येताना त्यांनी आपल्या नातवालाही आणले होते. त्यालाही टाकी हवी आहे म्हणे. धाकट्याने त्याला आधी पट्टी आणून दिली आणि सांगितले, "पहिलं पाणी मोज."

आपल्या घरी टाकी असेल तर आपणही पाणी, ल्यूमेन आणि तास यांचा हिशेब मांडून पाहा, आणि काय अनुभव आला तो आम्हाला जरूर कळवा.